शकुबाईचं कुंकू

त्या साली कुरुंद्याच्या शिवारात हळद भुईत मावंना. खांदणाऱ्या बाया कुदळीनं एक गड्डा उचलायच्या तर खाली दुसरा तयार. दगडोबाच्या रानातली हळद काहिलीत शिजवून, खळ्यावर वाळवून, घासून घरात आली तेव्हा ओसरीत पाय ठेवायला जागा राहिली नव्हती. पण गावातल्या सगळ्याच ओसऱ्यांचं तसं झालं होतं. म्हणून भाव पडला.

दगडोबानं गाडी जुंपली अन् धाकटा लेक उत्तमराव याला घेऊन माल वसमतच्या आडतीवर नेला. थोरला लेक तातेराव आदल्या पावसाळ्यात पटकीनं गेला होता. हरिचंद आडत्यानं पोत्यात हात घातला, एक हळकुंड मोडून हुंगलं अन् बापलेकाकडं न बघता भाव सांगितला. त्यात शिजवणीचं सरपणसुद्धा निघत नव्हतं.

"शेठ, माल तर नीट बघा," दगडोबा म्हणाला.

"मालच बघून राहिलो. सकाळपासून हाच माल दारात येऊन राहिला. टाकायचा असंल तर टाका, न्हाईतर बैलाला चारा."

आडतीवरचे हमाल हसले. दगडोबानं पोत्याचं तोंड दोरीनं पुन्हा बांधलं. गाठ बसेना. उत्तमरावनं ती बांधली. भरली गाडी आडतीवरून माघारी फिरवायची वेळ म्हाताऱ्यावर जन्मात आली नव्हती. वसमतची वेस ओलांडेपर्यंत तो मान वर करून बसला, मग उपरणं तोंडावर ओढून गाडीत आडवा झाला.

घरी पोती उतरवायला शकुबाई पुढं आली. ही तातेरावची बायको. उंच, हाडापेराची, दंड बाप्यासारखे. एकही लेकरू जगलं नव्हतं. नवरा गेल्यावर नरशीहून भाऊ न्यायला आला होता. "तिथं तरी भावजयीच्या हाताखालीच राहायचं, मग हितंच बरी," असं म्हणून ती राहिली होती. घरात तिला कोणी वाकडं बोलत नव्हतं, पण विचारतही कोणी नव्हतं. रानातल्या कामाला ती सगळ्यांच्या पुढं अन् जेवायला सगळ्यांच्या मागं.

पोती परत ओसरीला लागली. शकुबाईनं सासऱ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला अन् तिथंच थांबली.

"मामा, हळकुंड कोण खातं?"

दगडोबानं वर पाहिलं.

"भाजीत बाई कुटलेली हळद टाकती. मग शेठच्या दारात हळकुंड घेऊन काहून जायचं? आपण घरीच कुटू, चाळू अन् बाजारात बसून इकू."

उत्तमराव म्हणाला, "कुणब्याच्या हातात नांगर शोभतो, वैनी. तराजू न्हाई."

"मग तुमी नांगर धरा, भाऊजी. तराजू मी धरते."

एवढं ती घरात पहिल्यांदाच बोलली होती. दाराआड उभी असलेली धाकटी जाऊ पार्वतीबाई हसू दाबायला आत पळाली. दगडोबानं पाणी पिऊन मिशा पुसल्या अन् म्हणाला, "कुटून तर बघ."

दुसऱ्या दिवसापासून परसातल्या उखळावर दोघी जावा समोरासमोर उभ्या राहिल्या. एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. हळकुंड कडक, पहिल्या घावांना उखळाबाहेर उडायचं. फुटलं की त्याचा भुगा जात्यावर, जात्यावरून जुन्या लुगड्याच्या फडक्यातून परातीत. पिवळी धूळ नाकात, डोळ्यांत, केसांत जायची. शिंकून शिंकून पार्वतीबाईच्या बरगड्या दुखल्या. तळहाताला फोड आले, फुटले, अन् फुटलेल्या जागी हळदच बसली, त्यामुळं चिघळले मात्र नाहीत. संध्याकाळी हात कितीही धुतले तरी भाकरी पिवळी व्हायची. उत्तमराव भाकरीकडं बघायचा अन् तशीच खायचा.

बाजाराच्या दिवशी शकुबाई पाटी डोक्यावर घेऊन निघाली. किराणेवाल्यांच्या ओळीत बसू लागली तर दोघांनी आपापल्या गोण्या पसरून जागा भरून टाकली. "इथं आमी वर्षानुवर्षं बसून राहिलो, बाई." ती पुढं गेली. मसाल्याच्या ओळीतही तेच. शेवटी गुरांच्या बाजाराला लागून, जिथं शेणाचा वास अन् माशा, तिथं एका बाभळीच्या पातळ सावलीत तिनं फडकं अंथरलं. दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. एका बैलानं शेपटी झाडली अन् शेणाचे शिंतोडे तिच्या लुगड्यावर उडाले. तिनं आधी पाटीवर पदर धरला, मग लुगडं पुसलं.

दुपारनंतर बैल बघायला आलेल्या एका माणसाची बायको तिथं टेकली. शकुबाईनं चिमूटभर हळद तिच्या तळव्यावर टाकली, तांब्यातलं थेंबभर पाणी सोडलं. "चोळ, माय. पीठ असंल तर गोळी व्हईल."

बाईनं चोळली. तळवा पिवळाजर्द झाला. तिनं हुंगून बघितलं अन् पदराची गाठ सोडली. मोजून झाल्यावर शकुबाईनं वर एक चिमूट टाकली, पारडं बाईकडं झुकेपर्यंत.

"ही कशाची?"

"तू हितवर चालत आलीस, त्याची."

ती बाई पुढच्या बाजारी चौघींना घेऊन आली. पुढं पुढं बाया किराण्याच्या ओळीतून सरळ गुरांच्या बाजाराकडं चालत यायला लागल्या, नाकाला पदर लावून. बाभळीखाली पाटी ठेवायला आता तिला कोणाला विचारावं लागत नव्हतं. कुरुंद्याचा बाजार झाला की वसमतचा, वसमतचा झाला की औंढ्याचा, असं चालणं सुरू झालं. कापणी झाली की उत्तमरावही गाडी जुंपून यायला लागला. पहिल्या खेपेला तो गाडी बाजाराबाहेरच सोडून लिंबाखाली पाठ करून बसला. नंतर पोती उतरवू लागला. तराजूला मात्र हात लावत नव्हता.

हळद घेणाऱ्या बाया कुंकू मागायच्या. बाजारात त्या वेळी मुंबईकडून रंगाचं कुंकू येत होतं, लालभडक अन् स्वस्त. लावलं की कपाळाला खाज सुटायची, पुढं पुढं तिथं काळा डाग पडायचा. तरी तेच खपायचं, कारण दुसरं मिळतच नव्हतं.

शकुबाईला कुंकू करता येत होतं. नरशीला तिची आत्या देवळाच्या वाटेवर कुंकू विकायची, तिच्या हाताखाली ती शिकली होती. तिनं निवडक हळकुंडं भरडली, लिंबाच्या रसात टाकणखार अन् तुरटी कालवून त्यात ती भिजत घातली अन् माळवदाखालच्या सावलीत पसरली. पिवळे खडे रोज थोडे थोडे तांबूस होत गेले. पार्वतीबाई येता-जाता वाकून बघायची. खडे आतपर्यंत लाल झाले तेव्हा शकुबाईनं ते कुटले, दोनदा चाळले, तिळाच्या तेलाचा हात फिरवला. कुंकू डाळिंबाच्या दाण्यासारखं गडद उतरलं.

पार्वतीबाईनं बोट बुडवून कपाळाला लावलं अन् आरशाचा तुकडा समोर धरला. बघता बघता तिचा चेहरा उतरला. "आक्का, तुमी—"

"मला काय करायचं? तुला शोभलं. बास झालं."

औंढ्याच्या शिवरात्रीच्या जत्रेत तिनं हळदीशेजारी कुंकवाची परात मांडली. रंग बघूनच बाया थांबल्या. एका म्हातारीनं सुनेला पुढं ओढलं, चिमूट उचलली, सुनेच्या कपाळाला टेकवणार तेवढ्यात तिची नजर शकुबाईच्या उघड्या कपाळावर गेली. मग हातांवर. बांगडी नव्हती.

"तुझा मालक कुठं हाय, बाई?"

"गेला. वरीस झालं."

म्हातारीनं चिमूट परातीत परत टाकली, बोटं मातीत पुसली अन् सुनेला घेऊन चालू लागली. ओरडली नाही, शिवी दिली नाही. पण बाजूच्या बायांनी ते बघितलं अन् हळूहळू सगळ्याच उठल्या. हळद घ्यायला बसलेलीही उठली. त्या दिवशी शकुबाईनं परातीवर फडकं टाकलं अन् ऊन उतरेपर्यंत हळद विकत तिथंच बसून राहिली. गाडी हाकताना उत्तमरावनं दोन-तीनदा मागं वळून बघितलं. ती पोत्यांना टेकून डोळे मिटून बसली होती. झोपलेली नव्हती.

घरी दगडोबा म्हणाला, "कुंकवाचं सोड, शकू. हळद चालून राहिली. तेवढं बराबर हाय."

"सोडत न्हाई, मामा. कुंकू चांगलं हाय. मी पार्वतीला म्होरं बसवते, मी मागं बसते."

तसंच झालं. पुढच्या जत्रेत पार्वतीबाई हिरव्या बांगड्या भरून, कपाळभर कुंकू लावून परातीमागं बसली. तिचं कपाळ हाच मालाचा नमुना. शकुबाई गाडीआड पाठमोरी बसून पुड्या बांधायची. परात दुपारच्या आत रिकामी झाली.

अशा चालीनं धंदा वाढला. गावोगावच्या बाया 'कुरुंद्याचं कुंकू' मागायला लागल्या. वसमतच्या पेठेत एका कासाराच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली. दगडोबानं स्वतः फळ्या घासून मांडण्या केल्या. आपल्या रानातली हळद पुरेना तेव्हा उत्तमराव शेजारपाजारच्या शेतकऱ्यांची घेऊ लागला, आडतीपेक्षा थोडी चढ्या भावानं. हळूहळू बुक्का, अष्टगंध, नाडा, कापूर असा माल मांडणीवर चढला. गिऱ्हाइकाला दुकानात पार्वतीबाई दिसायची. मागच्या खोलीत, फडक्याच्या पडद्याआड, उखळाचा आवाज यायचा. ते कोणाचं मुसळ आहे हे पेठेत कोणाला माहीत नव्हतं असं नाही. पण डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून चालत होतं.

शकुबाई पडद्याआडून सगळं ऐकायची. कोण गिऱ्हाईक घासाघीस करतं, कोण रुसून जातं, पार्वती कुठं जास्त बोलते. गिऱ्हाईक गेल्यावर पडदा बाजूला सारून सांगायची, "तिला सुटी पुडी न्हाई द्यायची. घरात पाच सुना हायत, तिला डबी दाखवायची." पार्वतीबाई म्हणायची, "तुमीच या ना म्होरं." त्यावर शकुबाई पडदा सोडून द्यायची.

मग लढाई सुरू झाली. विलायतेत कोण कोणाशी लढतंय हे पेठेत फारसं कोणाला ठाऊक नव्हतं, पण परदेशी रंग यायचा बंद झाला एवढं सगळ्यांना कळलं. रंगाच्या कुंकवाची खोकी संपली ती पुन्हा आलीच नाहीत. काही दुकानदारांनी विटेची पूड मिसळली, ती कपाळावर ठरेना. लग्नसराई तोंडावर आली अन् तालुक्यात कुंकू म्हणावं असं कुंकू एकाच दुकानात उरलं.

तेव्हा हरिचंद आडत्या दुकानात आला. पार्वतीबाईला ओलांडून त्याची नजर पडद्यावर. "बाईला म्हणावं, सगळं कुंकू मला देऊन टाका. काढाल तेवढं. दुकान लावून बसायची तकलीफ कशाला? मी पुढं पाठवतो."

पडद्यामागचं मुसळ थांबलं. पडदा बाजूला झाला अन् शकुबाई बाहेर आली. कोपरापर्यंत लाल, लुगड्यावर लाल धूळ.

"शेठ, तुमी पुढं कुठं पाठवणार?"

"जिथं दाम मिळंल तिथं."

"आन् वसमतच्या पोरींची लग्नं लागतील ती कशानं?"

हरिचंद हसला. "धंदा असा न्हाई होत, बाई."

"माझा असाच व्हतो. इथं घ्यायला येणाऱ्या बायांनी मला दुकान दिलं. त्यांचं तोडून तुमाला दिलं तर उद्या रंग येताच तुमी मला इचारणार न्हाई, आन् बायाबी इचारणार न्हाईत. आमी सुटंच इकणार. घरच्या लग्नाला लागलं तर तुमीबी या, डबी देते."

हरिचंद गेला. शकुबाई आत वळली नाही. मांडणीपाशी उभी राहिली. पेठेतल्या उजेडात तिचं कपाळ, मनगटं, सगळं उघडं दिसत होतं.

"पार्वती, तो पडदा काढ."

"आक्का?"

"काढ. दोन तराजू मांड. गर्दी व्हणार हाय, एका हातानं उरकायचं न्हाई."

पार्वतीबाईनं पडदा ओढला तो खिळ्यासकट खाली आला. "बाया परत फिरल्या तर?"

"फिरू दे. किती फिरतात ते तरी बघू."

पहिल्या दिवशी पुष्कळ फिरल्या. दारापर्यंत यायच्या, शकुबाईला गादीवर बघायच्या अन् कुजबुजत पलीकडं जायच्या. काही पार्वतीबाईच्याच तराजूपुढं दाटी करायच्या. शकुबाईच्या पुढ्यातली जागा मोकळी. ती ताठ बसून राहिली, हळद मागणाऱ्यांना हळद देत राहिली. रात्री उत्तमराव म्हणाला, "वैनी, हट्ट बरा न्हाई. चालता धंदा बसंल."

दगडोबा खाटेवरून बोलला, "ती बसली की धंदा बसत न्हाई. तू गाडीचं बघ."

चौथ्या-पाचव्या दिवशी एका मोठ्या घरची देशमुखीण आली, सुमनबाई. लेकीचं लग्न होतं. बरोबर दोन बाया, दारात बैल जुंपलेली दमणी उभी. ती सरळ पार्वतीबाईपुढं गेली. पार्वतीबाईच्या परातीत कुंकू संपत आलेलं. भरली परात शकुबाईपुढं होती.

"त्यातलं काढून दे," सुमनबाई पार्वतीबाईला म्हणाली. "हिच्या हातचं नको. शुभकार्य आहे."

पेठेतून जाणारे दोघं-तिघं थांबले. पार्वतीबाई उठू लागली. शकुबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बाईसाहेब, पार्वतीनं तोलून दिलं तरी कुंकू माझ्याच हातचं. मीच भिजवलं, मीच कुटलं. आजवर तुमच्या घरी गेलं तेबी माझंच. त्यानं काय वाईट झालं असंल तर सांगा."

सुमनबाई परातीकडं बघत राहिली.

"आन् हळद तुमच्याच रानात हाय की. खांदायला कोण येतं? काहिलीपुढं जाळ कोण घालतं? निम्म्या बाया माझ्यासारख्या. ज्यांना घरी कोणी कमवून घालणारं न्हाई त्याच कामाला येत्यात. त्यांच्या हातची हळद तुमच्या नवरीला लागती. मग कुंकवालाच काहून इटाळ?"

तिचा आवाज चढला नव्हता. भाव सांगावा तसं ती सांगत होती. सुमनबाईच्या मागं उभी असलेली तिची कामाची बाई पांढऱ्या कपाळाची होती. तिनं मान खाली घातली. सुमनबाईनं तिच्याकडं बघितलं, फार वेळ बघितलं. कदाचित पहिल्यांदाच नीट बघितलं असावं.

मग ती शकुबाईच्या तराजूपुढं बसली. "दोन शेर द्या. चांदीच्या करंड्यासाठी वेगळं बारीक चाळलेलं."

शकुबाईनं तोललं. पारडं झुकेपर्यंत वर चिमूट टाकली. पुडीला दोरा गुंडाळताना मात्र गाठ बसेना, दोनदा सुटली. पार्वतीबाईनं बोट ठेवलं तेव्हा बसली.

देशमुखांनी नेलं म्हटल्यावर बाकीच्यांनी विचारायचं सोडलं. त्या लग्नसराईत दोन्ही तराजू सकाळपासून दिवेलागणीपर्यंत हलत राहिले. काही बाया शेवटपर्यंत पार्वतीबाईच्याच रांगेत उभ्या राहिल्या. शकुबाईनं त्यांना कधी टोकलं नाही. "त्यांचा पैसा आपल्याच गल्ल्यात येऊन राहिला ना?" म्हणायची.

लढाई संपली, रंग पुन्हा आला, पण तोवर बायांच्या कपाळाला सवय लागली होती. कासाराचं अख्खं घर विकत घेतलं. उखळावर आता सहा बाया होत्या. दगडोबा गेला तो नव्या दुकानाच्या ओट्यावर बसल्या बसल्या, दुपारच्या उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'या, या' म्हणत.

पुढं निजामाच्या राज्यात लुटालूट-जाळपोळीची धामधूम माजली. पेठा बंद पडल्या, गावंच्या गावं उठून पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात गेली. उत्तमरावनंही सगळ्यांना गाडीत घालून पार्वतीबाईच्या मावसभावाकडं नेलं. शकुबाईनं भांडीकुंडी मागं ठेवली अन् कुंकवाचं एक पोतं अन् तराजू गाडीत घातला. तिकडच्या बाजारात तिनं पुन्हा फडकं अंथरलं. "इथं तुला कोण ओळखतं, वैनी?" उत्तमरावनं विचारलं. "कुंकू ओळखतील," ती म्हणाली. त्यावर उत्तमराव तिच्या शेजारी मांडी घालून बसला अन् आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तराजू उचलला. त्याच्या हातात पारडी गरगर फिरली. दोघी जावा खूप दिवसांनी हसल्या.

फौजा आल्या, राज्य बदललं, माणसं परतली. दुकानाची दारं मोडलेली, मांडण्या रिकाम्या, भिंतीला धुराचा काळा पट्टा. शकुबाईनं शेण-मातीनं भुई सारवून घेतली, दार बसवलं अन् सुताराची वाट न बघता जमिनीवरच पराती मांडल्या. वर्षभर अडलेली लग्नं त्या हंगामात एकदम निघाली. दुकानापुढं गाड्या लागल्या.

अशाच गर्दीत एक पोरगी कडेला उभी होती. विशीच्या आतबाहेरची. अंगावर धुतलेलं, विरलेलं लुगडं. कपाळावर कुंकू होतं तिथं अजून फिकट डाग होता. गर्दी ओसरली तशी ती पुढं आली.

"काम हाय का, माय? उखळावर. मी कुटते."

"नाव काय तुझं?"

"अनुसया."

"मालक?"

"त्या धामधुमीत गेले. सासरी ठेवून घेईनात."

शकुबाईनं तिचे हात बघितले. "हिशोब येतो का?"

"बाजारहाट मीच करत व्हते. तोंडी येतो."

"उखळावर बाया हायत." शकुबाई गादीवरून जराशी सरकली. "हितं बस."

पोरगी मागं सरली. तिनं मागच्या खोलीच्या दाराकडं बोट दाखवलं. "मी आत बसते, माय. म्होरं बरं दिसत न्हाई. गिऱ्हाईक फिरंल."

"एखादं फिरंल," शकुबाई म्हणाली. "ते परत येतं. बस. आन् चिमूट वर टाकायची ती एकच टाकायची, पाघळून दोन टाकल्यास तर पगारातून कापीन."

पार्वतीबाईनं दुसरीकडून पाण्याचा तांब्या सरकवला. अनुसया गादीच्या कडेला टेकली, पदर कपाळावर पुढं ओढून. दारात सासू-सुनेची एक जोडी आली. सासूनं आत डोकावून विचारलं, "लग्नाचं कुंकू हाय का?"

शकुबाईनं तराजू पोरीपुढं सरकवला. पार्वतीबाई पुड्या बांधत राहिली.

अनुसयानं दोघी जावांकडं बघितलं. मग पदर मागं सारला, तराजूची दांडी धरली अन् म्हणाली, "हाय की. किती देऊ?"